रडायचे नाही, तर करायचे काय?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या घरावर जो प्रसंग गुदरला, तो विस्ताराने सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. आमच्या धाकट्या बंधूंचा एकुलता मुलगा वयाच्या बाविसाव्या वर्षी चार दिवसांच्या तापाने गेला, एवढे म्हटले म्हणजे ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांस पुढचे सांगावयास नको. आणि ज्यांच्या घरी घडले नाही त्यांस ते सांगून कळावयाचे नाही.

येलदरी हे जिंतूर तालुक्यातले लहानसे गाव. तरी समाचारास येणाऱ्यांची रीघ तेराव्यापर्यंत लागली होती. परभणीहून, सेलूहून, जिंतुराहून आप्तेष्ट आले. आलेला प्रत्येक जण मुलाच्या आईजवळ दोन घटका बसे आणि निघताना म्हणे, "रडू नका. प्रारब्धापुढे कोणाचा इलाज नाही." आम्ही जन्मभर शाळेत मुलांना संस्कृत शिकविलेले, सबब गीतेचा दुसरा अध्याय आम्हांस मुखोद्गत. तो आम्हीच त्या माउलीला ऐकविला. आत्मा मरत नाही, शहाण्याने गेलेल्याचा शोक करू नये, हे सारे यथासांग समजावून सांगितले. तिने खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि मग हळूच विचारले, "भाऊजी, सगळे म्हणतात रडू नका. रडायचं नाही, तर करायचं काय?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या रघुवंशाचा आठवा सर्ग आठवला. इंदुमती गेली, अज राजा वेडापिसा झाला, आणि वसिष्ठांनी शिष्याकरवी त्यास उपदेश पाठविला. तो उपदेश गीतेसारखाच आहे. त्यात तर्काचा दोष काढावयास जागा नाही. परंतु त्या शोकाने भरलेल्या हृदयात उपदेशाला ठाव मिळाला नाही, तो जणू ज्याने पाठविला त्याच्याकडेच परत गेला, अशी कालिदासाची कल्पना आहे. पुढे मुलगा लहान म्हणून अजाने आठ वर्षे कशीबशी काढिली, आणि अखेर गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवून तो स्वर्गातल्या उपवनात आपल्या प्रियेला पुन्हा भेटला. म्हणजे कालिदासालाही ठाऊक होते की, शोकाकुल माणसाला सिद्धांत पुरत नाही. त्याला भेटीची आशा हवी असते. हा सर्ग आम्ही कित्येक वर्षे शिकविला. पण समास सोडविण्याच्या नादात त्यातले हे मर्म आमच्या ध्यानी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फडताळातून दोन स्त्रियांची चरित्रे काढिली. दोघीही चित्पावन ब्राह्मणांच्या घरी जन्मलेल्या, दोघींनीही पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येथे काही वाचकांच्या भुवया वर चढतील, हे आम्ही जाणतो. आम्ही स्वतः संध्या करणारे, आणि मरेपर्यंत ती करू. कोणी आपला धर्म सोडावा म्हणून हा लेख लिहिलेला नाही. परंतु आपल्याच घरातून बाहेर पडलेल्या एका स्त्रीला परक्या घरी जे मिळाले, ते काय होते आणि आपल्या घरी का मिळाले नाही, हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे; किंबहुना ते आपले कर्तव्यच आहे.

पहिली स्त्री पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वैदिक विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याचा हक्क आहे असे मानून त्यांनी पत्नीला शिकविले आणि आईने मुलीला. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराण सांगे, मिळेल त्या दक्षिणेवर राही. पुढे दुष्काळ पडला. जवळचा पैसा देवधर्मात आणि दानात संपला, भांडीकुंडी गेली. अंगमेहनत करावी तर शास्त्र्याच्या घराला ती ठाऊक नाही, आणि भीक मागावी तर अभिमान आड येतो! १८७४ च्या सुमारास काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघे उपासमारीने व रोगाने गेली. रमाबाईंचे वय तेव्हा सोळा वर्षांचे. मरणाच्या दारी असलेल्या पित्याने या धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपविले आणि सन्मार्ग न सोडण्याविषयी सांगितले, ही आठवण बाईंनी पुढे स्वतः लिहून ठेविली आहे.

त्याच आठवणींत आईच्या अंत्ययात्रेची हकीगत आहे, आणि ती ब्राह्मणाने वाचावी अशी आहे. प्रेताला खांदा देण्यास माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथे कोणी नाही, म्हणून मुलगी स्वतः पुढे झाली. आणि ती ठेंगणी, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचा भार तिने डोक्यावर घेतला. स्मशान जवळ नव्हते. अठरा हजार श्लोकांचे भागवत जिला पाठ, अशा मुलीला आईच्या तिरडीखाली उभे राहावयास अख्ख्या गावातून दोन माणसे मिळाली. हे वाचून आम्ही पुस्तक मिटविले आणि पुष्कळ वेळ पुन्हा उघडले नाही.

पुढे ही भावंडे हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिचा विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई जगात एकट्या राहिल्या. जवळ काय ते तान्हे मूल.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दुःखाने खचलेली बाई, पाद्री लोकांच्या हाती सापडली आणि भुलली, असे म्हणतात. आम्हीही तरुणपणी असेच म्हणत होतो. परंतु हकीगत तशी नाही. पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज स्थापिला, ग्रंथ लिहिला, आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमात राहून त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्मगुरू सांगतील ते त्यांनी निमूटपणे मानिले असे मुळीच नाही. कित्येक सिद्धांतांवरून त्यांनी तेथील वडीलधाऱ्यांशी पत्रोपत्री कडाक्याचा वाद घातला. पोषाख देशी ठेविला, आहार शाकाहारी ठेविला. अशा स्त्रीला भुललेली म्हणणे म्हणजे आपल्या सोयीसाठी तिची बुद्धी नाकारणे होय.

मग तिला त्या धर्मात कशाने ओढिले? तिचेच सांगणे असे की, लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालविलेला आश्रम तिने पाहिला. ज्यांना जगाने दाराबाहेर काढिले, त्यांना हाताशी धरून पुन्हा उभे करणारी माणसे तिने प्रथमच पाहिली. हे तुम्ही का करता, असे तिने विचारले, तेव्हा तिला योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर एकटी आलेली, लोकांनी वाळीत टाकलेली ती बाई. आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी बरोबरीने बोलणारा येशू. ज्या मुलीने आईची तिरडी डोक्यावर वाहिली, तिला या कथेत काय दिसले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तथापि तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. आपल्याला प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला आणि ख्रिस्त स्वतः पुढे कित्येक वर्षांनी सापडला, अशी कबुली तिने १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात दिली आहे.

शोकाविषयी ख्रिस्ती धर्माचे म्हणणे काय, हे आपल्या घरांतून बहुधा ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजार नावाच्या मित्राच्या मृत्यूची कथा आहे. येशू त्याला उठविणार आहे, हे त्याला स्वतःला ठाऊक आहे. तरीही मृताच्या बहिणींचा आकांत पाहून त्याच्या डोळ्यांत अश्रू येतात. ज्याला पुढचे सारे माहीत, तोही रडतो! तेव्हा अश्रू हे अज्ञानाचे चिन्ह ठरत नाही. पुढे पौलाने थेस्सलनीकेच्या लोकांना जे पत्र लिहिले, त्यातही शोक करू नका असे नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे आहे. या दोहोंतील अंतर लहान दिसते, पण ज्याच्या घरात मूल गेले त्याला ते आकाशपाताळाएवढे असते. आपल्याकडे आत्मा अमर आहे खरा. परंतु तो नवा देह घेतो, नवे नाव घेतो, जुन्या आईला ओळखत नाही. ख्रिस्ती श्रद्धा असे मानते की, जो गेला तोच, त्याच नावाने, त्याच ओळखीने पुन्हा भेटेल. तत्त्वज्ञान म्हणून यावर पुष्कळ वाद घालता येईल. परंतु आईला आत्मा नको असतो, तिला तिचा मुलगा हवा असतो. आणि ही आशा नेमकी तेथे हात घालते.

या आशेचे रमाबाईंनी काय केले, हे आता पाहू. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी बालविधवांसाठी शारदा सदन काढिले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणिले. १८९३ मध्ये तेथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, असा आरोप होऊन मोठा वाद माजला. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे ठरले असता पालकांना फसविल्यासारखे वाटले, यात त्यांचाही अगदीच दोष नव्हता. पण १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तेथे धावून जाऊन निराधार मुलींना शेकड्यांनी उचलून आणणारी हीच बाई होती. आपल्या सोळाव्या वर्षीचा दुष्काळ ती विसरली नव्हती. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजार माणसे राहत होती. विहिरी खणल्या, शेती केली, माग लाविले, छापखाना घातला, अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. ज्या मुलीच्या आईला खांदेकरी मिळाले नाहीत, तिने दीड हजार जिवांचा भार उचलला. केडगावचे ते काम आजही चालू आहे.

आणि मग शेवटची परीक्षा आली. मनोरमा आईचा उजवा हात होती. मुक्तिसदनाचा कारभार पुढे तीच पाहणार होती, आणि त्या वेळच्या निजामी राज्यातील गुलबर्ग्यास तिने मुलींची शाळाही काढिली होती. २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ती गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी अधू झालेल्या. सोळाव्या वर्षी सुरू झालेली प्रेतयात्रांची मालिका अशी पोटच्या मुलीपाशी येऊन संपली. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतर ते काम त्यांनी टाकिले नाही. ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेविला. त्या नऊ महिन्यांत त्या रडल्या नसतील, असे आम्हांस वाटत नाही. पण रडताना लेखणी हातात होती.

दुसरी स्त्री लक्ष्मीबाई टिळक. त्यांची गोष्ट उलट आहे. कारण या धर्मानेच प्रथम त्यांचा संसार मोडला. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या दुःखाला पारावार राहिला नाही. नवरा जिवंत, आणि आपण मात्र त्याला अंतरलो! याआधी काही मुले बाळपणीच गेली होती; त्यात ही भर. पुढे ताटातूट संपून त्या पतीजवळ राहावयास गेल्या, तेव्हाही आपले सोवळे-ओवळे वेगळे सांभाळून राहिल्या. जातिभेद देवाने केला नाही, असे एके दिवशी त्यांच्याच मनाने घेतले, आणि १९०० मध्ये स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले होते; पहिले काही अध्यायच लिहून झाले होते. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, जिला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, तिने पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहून ते काव्य तडीस नेले. आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ज्यांनी तो ग्रंथ वाचला असेल त्यांना ठाऊक आहे की, एवढे सोसलेल्या बाईच्या पुस्तकात पानोपानी हसू येते. आशा म्हणजे काय, हे आम्हांस त्या हसण्यावरून जितके कळले, तितके पुष्कळ प्रवचनांवरून कळले नाही.

आता मूळ प्रश्न. हे सारे आपल्या घरात नाही काय? निश्चित आहे. आमच्याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई! लहानपणी आईबाप अंतरले, पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळू-कांडू लागला, अशी तिची श्रद्धा. तिचा देव तिला उपदेश करीत नाही, तो जात्याचा खुंटा धरितो. रमाबाईंना योहानाच्या पुस्तकात जो सापडला, तो जनीला जात्यापाशी सापडला होता. मग अनंतशास्त्र्यांच्या मुलीला तो आपल्याकडे का दिसला नाही? आमच्या मते त्याचे कारण असे की, तिच्यापर्यंत जो धर्म पोहोचला त्यात पोथी होती, व्रत होते, तीर्थ होते, दक्षिणा होती. पण तिरडीला चौथा खांदा नव्हता. देव माणसाला भेटतो तो बहुधा माणसाच्याच हातांनी. ते हात आपण पुढे केले नाहीत, दुसऱ्यांनी केले. यात दुसऱ्यांना दोष देण्यासारखे काय आहे?

आमच्या गावचे धरण पूर्णेवर १९६८ मध्ये पुरे झाले. येथे साठलेले पाणी खाली सिद्धेश्वराच्या धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांतील शिवारांत पोहोचते. भरल्या पावसाळ्यात पाण्याला 'येऊ नको' म्हणून कोणी सांगत नाही. तसे सांगून ते थांबतही नाही. त्याला साठावयास जागा द्यावी लागते आणि जावयास वाट द्यावी लागते. शोकाचेही तसेच आहे. या दोन स्त्रियांच्या श्रद्धेने त्यांचा शोक आटविला नाही. त्याला साठावयास एक हृदय दिले आणि वाहावयास एक वाट दिली. साऱ्या चरित्रांतून आम्ही शिकलो ते एवढेच.

ही चरित्रे आम्ही भावजयीच्या हाती दिली. तिने ती वाचली. त्यावर काही बोलली नाही. तिचा दत्त तिच्या देव्हाऱ्यात आहे तसाच आहे. पण पुढच्या मासिक श्राद्धाच्या दिवशी तिने मुलाच्या आवडीच्या साटोऱ्या केल्या, पानावर वाढता वाढता त्याचे नाव घेतले, आणि सर्वांच्या देखत मोठ्याने रडली. बायका उठून जवळ बसल्या. आमच्या तोंडाशी सवयीने गीता आली होती; ती आम्ही आवरली, आणि तिच्या हातातले ताट घेऊन उरलेल्या पंक्तीला आम्हीच वाढिले. जन्मभर पंतोजीपण केलेल्या माणसाला ते नीटसे जमले नाही. परंतु त्या दिवशी कोणी तिला 'रडू नको' म्हटले नाही.

सुज्ञ वाचकांस एवढीच विनंती की, समाचाराला जाल तेव्हा उपदेश घरी ठेवून जा, आणि जमल्यास ताट उचला.